९० मिलिमीटरचा यूएसबी स्वाइप रीडर: काय वाचतो, कुठे अडतो

निकाल आधीच सांगून टाकू. वाचनालयात, जिमखान्यात, वसतिगृहाच्या मेसमध्ये किंवा कारखान्याच्या गेटवर चुंबकीय पट्टीची कार्डं आधीपासून चालू असतील आणि जुना रीडर बंद पडला असेल, तर हा रीडर घ्यायला हरकत नाही. नवी व्यवस्था उभी करायची असेल तर घेऊ नका. का, ते पुढे येईलच. आणि काउंटरवर बँकेचं कार्ड घासून पैसे घेण्यासाठी हा विचारात असेल, तर इथेच थांबा. ते याचं कामच नाही.

वस्तू साधी आहे. एक प्लास्टिकचा ठोकळा, त्यात साधारण ९० मिलिमीटर लांबीची खाच, खाचेच्या एका भिंतीतून डोकावणारं, पट्टी वाचणारं हेड आणि एक यूएसबी केबल. एमएसआर ९० किंवा तशाच आकड्यांच्या नावाने अनेक विक्रेते तो विकतात. बाहेरचं कवच सारखं दिसलं तरी आतलं हेड आणि डिकोडर (हेडच्या सिग्नलमधून मजकूर काढणारी चिप) सारखाच असेल असं धरून चालू नये, म्हणून घेतल्याबरोबर चाचणी करा. वेगळा अडॅप्टर लागत नाही, ड्रायव्हर लागत नाही. संगणक त्याला कीबोर्ड समजतो. विंडोज, लिनक्स, ओटीजी केबल लावलेला अँड्रॉइड फोन, सगळीकडे लावला की चालतो. फोनवर एक होतं: रीडर जोडलेला असताना स्क्रीनवरचा कीबोर्ड बहुधा उमटत नाही, कारण फोनच्या मते खरा कीबोर्ड जोडलेला आहे. सेटिंगमध्ये जाऊन तो पुन्हा चालू करावा लागतो.

रीडर चांगला की वाईट हे ठरवायचं तर पट्टीवर काय लिहिलेलं असतं ते माहीत हवं. पट्टीवर तीन समांतर ट्रॅक असतात, प्रत्येक सुमारे २.८ मिलिमीटर रुंद. कार्डाच्या काठाकडून मोजायला लागलं की पहिला ट्रॅक १, मग २, मग ३. ट्रॅक १ वर इंचाला २१० बिट बसतात आणि अक्षरं व आकडे दोन्ही चालतात; सुरुवातीची, शेवटची आणि तपासणीची खूण धरून ७९ अक्षरं. ट्रॅक २ वर इंचाला फक्त ७५ बिट, केवळ आकडे आणि काही चिन्हं, एकूण ४०. ट्रॅक ३ पुन्हा २१० बिटांचा, १०७ आकड्यांचा, पण तो क्वचितच कुणी वापरतं. ट्रॅक १ ची मांडणी विमान कंपन्यांच्या गरजेतून आली आणि ट्रॅक २ ची अमेरिकन बँकांच्या. म्हणून एकात नाव मावतं आणि दुसऱ्यात फक्त क्रमांक.

बिट लिहिण्याची पद्धत मोठी चतुर आहे. प्रत्येक बिटाच्या सुरुवातीला चुंबकत्वाची दिशा उलटते. बिट १ असेल तर मध्यावर आणखी एकदा उलटते, ० असेल तर उलटत नाही. हेडपुढून पट्टी सरकली की प्रत्येक वेळी दिशा उलटताना तारेच्या वेटोळ्यात विजेचा एक बारीक झटका तयार होतो. डिकोडर दोन झटक्यांमधला वेळ मोजतो. कार्डाच्या सुरुवातीला नुसत्या शून्यांची रांग लिहिलेली असते, ती याचसाठी: त्या शून्यांवरून डिकोडर या हाताचा वेग ओळखतो आणि पुढे वेग हळूहळू बदलत गेला तरी जमवून घेतो. म्हणून एकाने भरकन घासलं काय आणि दुसऱ्याने निवांत घासलं काय, दोन्ही वाचली जातात. मात्र मध्येच अडखळलं, थांबून पुन्हा ओढलं, तर बिटांची मोजदाद चुकते. आणि फारच हळू ओढलं तर झटका इतका क्षीण होतो की तो डिकोडरला गोंगाटातून वेगळा काढता येत नाही, कारण झटक्याचा जोर वेगावरच अवलंबून असतो. एका सेकंदाच्या आत, एका दमात कार्ड आरपार जावं. काउंटरवरच्या माणसाला एवढंच शिकवलं तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

या रीडरची सर्वांत चांगली बाजू म्हणजे त्याला खोटं बोलता येत नाही. प्रत्येक अक्षरासोबत एक पॅरिटी बिट (चूक पकडण्यासाठी जोडलेला जादा बिट) असतो आणि ट्रॅकच्या शेवटी सगळ्या अक्षरांवरून काढलेलं एक तपासणीचं अक्षर. हिशोब जुळला नाही तर रीडर आकडे पुढे पाठवत नाही. काही रीडर गप्प बसतात, काही त्या ट्रॅकच्या जागी नुसतं ई हे रोमन अक्षर पाठवतात. एका सभासदाचं कार्ड घासून दुसऱ्याच्या खात्यावर पुस्तक चढलं, अशी तक्रार आली तर रीडरकडे न पाहता कार्ड कुणी कुणाला दिलं होतं ते पाहा.

आता अडचणी. पहिली आणि सर्वांत जास्त छळणारी अडचण रीडरची नसून कीबोर्डाची आहे. रीडर कीबोर्डासारखा टाइप करतो, म्हणजे ज्या खिडकीत कर्सर असेल तिथे टाइप करतो. कर्सर व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीत राहिला तर सभासदाचा क्रमांक कुणाला तरी मेसेज म्हणून जाईल, आणि शेवटी एंटर असल्यामुळे लगेच जाईल. त्याहून मजेदार प्रकार आपल्याकडे मराठी कीबोर्डामुळे होतो. ट्रॅक २ ची सुरुवात ; या खुणेने होते. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड चालू असेल तर त्याच कळीवर च उमटतो, आणि सॉफ्टवेअरला खूण सापडत नाही म्हणून ते कार्ड नाकारतं. रीडर बिघडला म्हणून परत पाठवण्याआधी खालच्या पट्टीत भाषा इंग्रजी आहे ना, ते पाहावं. यूएस-इंटरनॅशनल मांडणी असेल तर ट्रॅक १ मधली ^ ही खूण पुढच्या अक्षराला चिकटू पाहते. तेव्हा साधी यूएस मांडणी ठेवा. कॅप्स लॉक चालू असेल तर काही रीडरवर नावांची मोठी रोमन अक्षरं छोटी होतात.

एक्सेलमध्ये थेट घासणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. ट्रॅक ३ चा मजकूर बहुतेक रीडर + ने सुरू करतात आणि एक्सेल त्याला सूत्र समजून चूक दाखवतं. ट्रॅक ३ वापरत नसाल तर बंदच करा. दुसरी गोष्ट, सुरुवातीच्या व शेवटच्या खुणा काढून फक्त आकडे पाठवण्याची सोय असते आणि ती सोयीची वाटते, पण मग ०००१०२७ चं १०२७ होतं आणि १५ आकड्यांपुढचे आकडे शून्य होतात. रकाना आधीच टेक्स्ट प्रकारचा करून ठेवावा. या सेटिंग बदलण्याचं सॉफ्टवेअर काही विक्रेते देतात, काही देत नाहीत, आणि दिलं तरी ते बहुधा विंडोजवरच चालतं. खरेदीआधी विचारून घ्या: कोणता ट्रॅक चालू ठेवायचा, खुणा काढायच्या का, एंटर प्रत्येक ट्रॅकनंतर की शेवटी एकदाच. प्रत्येक ट्रॅकनंतर एंटर गेला तर फॉर्म अर्धवट सबमिट होतो.

दुसरी अडचण घडणीची. कार्ड ८५.६ मिलिमीटर लांब आणि खाच ९० ची. कार्ड हेडपाशी पोचतं तेव्हा त्याचा पुढचा भाग खाचेत आणि मागचा हातात असतो. हात वर-खाली झाला की कार्ड तिरपं होतं. तिरपं झालं की पट्टीवरच्या रेषा आणि हेडमधली फट समांतर राहत नाहीत, आणि याचा फटका आधी दाट लिहिलेल्या ट्रॅक १ ला बसतो. जास्त लांब खाच असलेल्या रीडरवर हे कमी होतं. मॅगटेकसारख्या जुन्या, नावाजलेल्या उत्पादकांचे रीडर महाग असतात, पण तो पैसा बऱ्याच अंशी हेड आणि त्याच्या स्प्रिंगची जोडणी यातच गेलेला असतो. या स्वस्त रीडरला आणखी एक खोड: तो हलका आहे, कार्डासोबत टेबलावर सरकतो. खाली दुहेरी चिकटपट्टी लावून टेबलाला पक्का करावा, नाहीतर लोक दुसऱ्या हाताने धरतात आणि ओढ वाकडी होते.

तिसरी अडचण धूळ, घाम आणि पावसाळा. इथे थोडं गणित करण्यासारखं आहे. हेड आणि पट्टी यांच्यात अंतर पडलं की सिग्नल घटतो, आणि लेखन जितकं दाट तितका जास्त घटतो. ट्रॅक २ चा एक बिट ०.३४ मिलिमीटर लांब आहे, ट्रॅक १ चा ०.१२. हेडवर १० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, मळ बसला तर ट्रॅक १ चा सिग्नल साधारण ६० टक्क्यांवर येतो आणि ट्रॅक २ चा ८३ टक्क्यांवर. म्हणून तोच रीडर सभासद क्रमांक वाचतो आणि नाव वाचत नाही, असं होतं. तुमची कार्डं नव्याने लिहून घेणार असाल तर क्रमांक ट्रॅक २ वर टाका आणि नाव संगणकातच ठेवा. ट्रॅक १ वर काहीही अत्यावश्यक ठेवू नका.

दुकानांत जुनं कार्ड वाचत नसलं की ते पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून घासायचे, आठवत असेल. ती अंधश्रद्धा नव्हती. पट्टीवरचे बारीक ओरखडे हे फारच दाट गोंगाटासारखे असतात. पिशवीमुळे २० मायक्रॉनचं अंतर पडलं की हा गोंगाट जवळजवळ मरतो आणि ट्रॅक २ चा सिग्नल मात्र ७० टक्क्यांच्या आसपास शिल्लक राहतो. ट्रॅक १ साठी ही युक्ती कामाची नाही, तो एक तृतीयांशावर येतो. आणि सोललेली पट्टी धरून ठेवण्यासाठी लोक सेलोटेप लावतात तेही त्याच कारणाने फसतं: सेलोटेप पिशवीपेक्षा बरीच जाड असते. शिवाय तिचा डिंक हेडला चिकटून पुढच्या शंभर कार्डांना त्रास देतो. अशी कार्डं काउंटरवर घेऊच नयेत.

सफाई सोपी आहे. कार्डाच्या आकाराची, वर न विणलेलं कापड लावलेली क्लीनिंग कार्डं मिळतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजलेलं असं एक कार्ड दोन्ही दिशांनी चार-पाच वेळा ओढा, मिनिटभर वाळू द्या, मग एक कोरडं कार्ड. वर्दळीच्या काउंटरवर आठवड्याला एकदा पुरे. कोकणात किंवा गोव्यात समुद्राकाठी असाल, किंवा गेटवर उघड्यावर रीडर असेल, तर जास्त वेळा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे थर सोडतं. काचकागद, सुरी, टाचणी यांतलं काहीही खाचेत घालू नये. हेडची फट ओरखडली की दुरुस्ती नाही, नवाच रीडर.

वाचत नाही म्हणजे नक्की काय बिघडलं, हे शोधायला नोटपॅड पुरतं. भाषा इंग्रजी करा, नोटपॅड उघडा, चांगली माहीत असलेली तीन कार्डं दोन्ही दिशांनी घासा. रीडर दोन्ही दिशा वाचतो असं विक्रेता म्हणत असेल तर दोन्हीकडून तोच मजकूर आला पाहिजे. एकाच दिशेने येत असेल तर हेड कलंडलेलं असू शकतं, हमीत असतानाच परत करा. तिन्ही कार्डं अडत असतील तर आधी पट्टी हेडच्या बाजूला आहे ना ते पाहा (हसू नका, सर्वांत जास्त हेच होतं), मग सफाई. एकच कार्ड अडत असेल तर दोष कार्डाचा. ते पुसलं गेलं की झिजलं, हे कळायला एक जुनी युक्ती आहे: पट्टीवर लोखंडाची अगदी बारीक पूड भुरभुरवून कार्ड हलकेच झटकायचं. ट्रॅक २ च्या उभ्या रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. रेषा दिसल्या तर लेखन शाबूत आहे, नाही दिसल्या तर पुसलंय. पूड पूर्ण पुसल्याशिवाय ते कार्ड रीडरजवळ नेऊ नका.

पुसलं जाण्याचा संबंध पट्टीच्या प्रकाराशी आहे. तपकिरी पट्टी बहुधा लोको, म्हणजे सहज पुसली जाणारी, सुमारे ३०० ओर्स्टेडची (पुसायला किती जोराचं चुंबक लागतं, त्याचं हे माप). काळी पट्टी बहुधा हायको, म्हणजे सहजी न पुसली जाणारी, २७५० किंवा ४००० ओर्स्टेडची. 'बहुधा' मुद्दाम म्हटलं आहे, रंग ही काही हमी नव्हे. वाचताना रीडरला दोन्ही सारखीच, फरक फक्त लिहिताना पडतो. फोनच्या कव्हरचं, पर्सच्या बटणाचं चुंबक लोको पट्टी सहज बिघडवतं. हॉटेलच्या खोल्यांची कार्डं बऱ्याचदा लोको असतात, कारण ती रोज पुसून पुन्हा लिहायची असतात. खोलीचं कार्ड दर दोन दिवसांनी रिसेप्शनवर न्यावं लागतं त्याचं कारण बहुतेक हेच. ती कार्डं या रीडरवर घासली तर अनेकदा काहीच उमटत नाही. लॉक बनवणाऱ्यांची लेखनपद्धत वेगळी असते आणि रीडर फक्त प्रमाणित अक्षरं ओळखतो. त्यात पाहुण्याचा क्रेडिट कार्ड क्रमांक असतो ही अफवा मात्र सोडून द्या, तिथे साधारणपणे खोली आणि तारखांसारखी माहिती असते.

सभासदांची कार्डं दीर्घकाळ टिकवायची असतील तर हायकोच घ्या. लिहिण्यासाठी वेगळा एन्कोडर लागतो, हा रीडर लिहू शकत नाही. एन्कोडरमध्ये हायको-लोको ही निवड असते, आणि हायको कार्डावर लोकोच्या प्रवाहाने लिहिलं तर ते कच्चं राहतं: आज वाचतं, पुढच्या महिन्यात नाही. नव्या कार्डांची गठ्ठ्यानेच तक्रार येत असेल तर छपाई करणाऱ्याला हा एक प्रश्न जरूर विचारा.

आता बँकेच्या कार्डांकडे. पट्टीवरचा मजकूर कुलूपबंद नसतो. कार्ड क्रमांक, मुदत, तीन आकड्यांचा सेवा संकेत, सगळं उघडं लिहिलेलं असतं आणि हा रीडर ते जसंच्या तसं पडद्यावर टाकतो. पैसे घेण्याचं मशीन तो मजकूर आत शिरतानाच सांकेतिक करतं. याच्याकडे तशी सोयच नाही. ग्राहकांच्या बँक कार्डाचा ट्रॅक असा साठवणं कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांतही बसत नाही. पट्टी जशीच्या तशी उतरवता येते, हीच तिची मूळ कमजोरी. म्हणून रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये नवी कार्डं चिपचीच द्यायला सांगितली आणि फक्त पट्टी असलेली जुनी कार्डं बदलण्यासाठी ३१ डिसेंबर २०१८ ही मुदत ठेवली. चिपच्या कार्डावर पट्टी अजून असते, पण सेवा संकेताचा पहिला आकडा २ किंवा ६ असला की मशीनला कळतं की या कार्डाला चिप आहे, आणि ते कार्ड खाचेत घालायला सांगतं. मास्टरकार्डने तर २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरून पट्टीच काढून टाकायचं जाहीर केलं आहे.

नवी व्यवस्था यावर उभी करू नका म्हटलं ते याच कारणाने. वाचनालयाच्या पुस्तकांसाठी कार्डाची नक्कल झाली तर फार बिघडत नाही, फोटो आणि सही आहेच. मेसच्या जेवणाचे कूपन, पार्किंगचा शिल्लक पैसा, हजेरीवरून पगार, असं काही त्यावर चालत असेल तर नक्कल करणारा कधी ना कधी सापडतोच. शिल्लक रक्कम कधीही पट्टीवर लिहू नये. पट्टीवर फक्त क्रमांक, हिशोब संगणकात. एवढं पाळलं तर जुनी कार्डं आणखी काही वर्षं बिनघोर चालतील, आणि दरम्यान एकेक कार्ड बदलताना क्यूआर किंवा आरएफआयडीचं (न घासता, नुसतं जवळ धरून वाचलं जाणारं) द्यावं. सॉफ्टवेअरला क्रमांक कुठून आला याच्याशी देणंघेणं नसतं, कारण स्कॅनर आणि आरएफआयडी रीडरही असाच कीबोर्ड बनून टाइप करू शकतात.

घेताना दोन नग घ्या. एक काउंटरवर, एक कपाटात. केबल रीडरमध्ये शिरते तिथे रबरी आधार आहे का ते बघा, कारण हेड झिजायच्या कितीतरी आधी तिथली तार तुटते. दोन्ही नगांची नोटपॅडची चाचणी आल्या दिवशीच उरका, परत पाठवण्याची मुदत संपायच्या आत.